हिशेबाची चाबी कोणाजवळ?



आजचा विषय ऐकून काही जणी म्हणतील, हे काय नवीन काढलं ताईंनी? विषय आहे खुल्या सॉफ्टवेअरचा मेळावा. इंग्रजी शिकलेली पोरं त्याला ओपन सोर्स कॉन्फरन्स म्हणतात. सप्टेंबर २०२५ मध्ये आम्ही तिघी बंगळुरूला अशा एका मोठ्या मेळाव्याला जाऊन आलो. बचत गटाच्या बायांचं तिथे काय काम, हा प्रश्न आम्हाला गावात विचारला गेला, गाडीत विचारला गेला, आणि खरं सांगायचं तर आम्हीही तो स्वतःला विचारला. त्याचं उत्तर आज सांगायचं आहे. पण सुरुवात बंगळुरूपासून करता येत नाही. ती आमच्या ग्रामसंघाच्या खोलीतल्या कॉम्प्युटरपासून करावी लागते.

आमच्या ग्रामसंघात बारा गट आहेत. बचत, अंतर्गत कर्ज, व्याज, दंड, हजेरी, सगळं पूर्वी वहीत होतं. मग कोणीतरी सुचवलं आणि आम्ही हिशेबाचा एक प्रोग्रॅम विकत घेतला. पहिलं वर्ष छान गेलं. बेरीज आपोआप होते, कागद छापून मिळतो, बायाही खूश. हळूहळू वहीत लिहायचं कमी झालं. ती आमची चूक, ती आम्ही कबूल करतो. दुसऱ्या वर्षी मार्चमध्ये बँकेकडे कर्जाचा प्रस्ताव द्यायचा होता आणि त्याच आठवड्यात पडद्यावर पाटी आली की मुदत संपली. आम्ही पैसे भरायला तयार होतो. पण ज्यांनी तो टाकून दिला होता ते दुकान बंद करून निघून गेले होते आणि फोन लागत नव्हता. आकडे आत होते. आमचेच आकडे. पण ते ना दिसत होते, ना छापता येत होते, ना दुसरीकडे नेता येत होते.

मग आम्ही सगळ्या सदस्यांची पासबुकं गोळा केली आणि चार रात्री बसून दोन वर्षांचा हिशेब पुन्हा लिहिला. दोघींचे हप्ते एकमेकींच्या नावावर चढले, त्यावरून बोलाचाली झाली. प्रस्ताव उशिरा गेला. पेरणीच्या आधी जे पैसे हाती यायला हवे होते, ते पेरणी झाल्यावर आले. त्या बैठकीत एक मावशी उभी राहिली आणि म्हणाली, "ताई, पैसा माहा, हिशेब माहा, मग चाबी दुसऱ्याच्या हातात कशी?"

आमच्याजवळ उत्तर नव्हतं. आमच्याच एका सदस्याची मुलगी चंद्रपूरला कॉम्प्युटर शिकते. ती सुट्टीत आली तेव्हा तिला हे सांगितलं. ती म्हणाली, "काकू, असेही प्रोग्रॅम असतात ज्यांची चाबी कोणाजवळच अडकून राहत नाही." खुल्या सॉफ्टवेअरचं नाव आम्ही पहिल्यांदा तिच्या तोंडून ऐकलं.

आता हे खुलं सॉफ्टवेअर म्हणजे काय, ते आपल्या बैठकीच्या भाषेत सांगतो. आपल्या गटात नियम आहे की नोंदवही बैठकीत सगळ्यांसमोर उघडायची आणि वाचून दाखवायची. जी सही करते तिलाही विचारायचा हक्क आहे, जी अंगठा लावते तिलाही आहे. चूक दिसली तर कोणीही बोट ठेवू शकते. कॉम्प्युटरच्या प्रोग्रॅमचंही एक लिखाण असतं, त्याला कोड म्हणतात. प्रोग्रॅमनं काय करायचं, व्याज कसं काढायचं, बेरीज कुठे दाखवायची, हे त्यात ओळीओळीनं लिहिलेलं असतं. बहुतेक कंपन्या हे लिखाण कुलपात ठेवतात. खुल्या सॉफ्टवेअरचं लिखाण बैठकीतल्या नोंदवहीसारखं सगळ्यांसमोर उघडं असतं. ज्याला वाचता येतं तो वाचू शकतो, चूक दाखवू शकतो, दुरुस्त करू शकतो.

हा विचार कागदावर पक्का मांडला अमेरिकेतल्या रिचर्ड स्टॉलमन यांनी. १९८३ मध्ये त्यांनी जीएनयू नावाचं काम जाहीर केलं. त्यांनी सांगितलेले चार हक्क असे. प्रोग्रॅम कोणत्याही कामासाठी वापरण्याचा हक्क. तो कसा चालतो ते पाहण्याचा आणि आपल्या गरजेप्रमाणे बदलण्याचा हक्क. त्याच्या प्रती दुसऱ्याला देण्याचा हक्क. आणि आपण सुधारलेली प्रतही वाटण्याचा हक्क. पुढे १९९१ मध्ये फिनलंडच्या हेलसिंकी विद्यापीठात शिकणारा लिनस टॉरवाल्ड्स नावाचा विद्यार्थी लिनक्सचं काम घेऊन पुढे आला. आज तुमच्या हातातल्या अँड्रॉइड फोनच्या मुळाशी तेच लिनक्स आहे. म्हणजे आपण रोज ते वापरतो, फक्त नाव माहीत नसतं. रेडिओसाठी आवाज कापायला-जोडायला वापरतात ते ऑडॅसिटी, सिनेमा पाहायचं व्हीएलसी, इंटरनेट पाहायचं फायरफॉक्स, पत्र आणि तक्ते करायचं लिबरऑफिस, ही सगळी याच घरातली.

इथे एक गैरसमज दूर करू. बाया लगेच विचारतात, म्हणजे फुकट का? इंग्रजीत एकाच शब्दाचे दोन अर्थ होतात म्हणून त्यांचा गोंधळ होतो. मराठीत आपल्याजवळ दोन शब्द आहेत, फुकट आणि मुक्त. पुष्कळ खुली सॉफ्टवेअर पैसे न देता मिळतात हे खरं आहे. पण त्यांचं मोल ती मुक्त आहेत यात आहे. फुकट मिळालेली पण कुलूपबंद वस्तू उद्या देणाऱ्यानं परत घेतली तर आपण काही करू शकत नाही. मुक्त वस्तू शिकवायला, बसवायला, दुरुस्त करायला कोणी पैसे घेतले तरी चालतात, कारण तो माणूस निघून गेला तर दुसरा येऊन तेच काम पुढे नेऊ शकतो.

मग प्रश्न येतो, मालकच नाही तर सांभाळणार कोण? याचं उत्तर आपल्या गडचिरोलीतच आहे. धानोरा तालुक्यातलं मेंढा (लेखा) गाव तुम्हाला माहीत आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली २००९ मध्ये त्या गावाला सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. २०११ मध्ये बांबूच्या वाहतूक पासांचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती आलं आणि गाव आपला बांबू आपण विकू लागलं. ते जंगल कोणा एकाचं नाही, पण बेवारसही नाही. ग्रामसभा बसते, नियम ठरतात, राखण होते, हिशेब सांगितला जातो. खुल्या सॉफ्टवेअरचंही तसंच आहे. त्याला परवाना असतो. जीपीएल नावाचा एक प्रसिद्ध परवाना म्हणतो की घ्या, वापरा, बदला, वाटा, पण पुढे वाटताना समोरच्यालाही हेच सगळे हक्क द्या. मध्येच कुलूप लावायचं नाही.

एक फरक मात्र आम्हाला बंगळुरूला जाऊन कळला, तो पुढे सांगतो.

आता मेळाव्याकडे येऊ. या प्रोग्रॅमांवर काम करणारी माणसं एका कचेरीत बसत नाहीत. कोणी पुण्यात, कोणी केरळात, कोणी ब्राझीलमध्ये. वर्षभर एकमेकांना लिहून कामं होतात. म्हणून वर्षातून एकदा भेटायचं, काय झालं ते सांगायचं, काय अडलं ते विचारायचं, अशी रीत पडली. जत्रा म्हणा, वार्षिक सभा म्हणा, दोन्ही थोडं थोडं आहे. बेल्जियमच्या ब्रुसेल्स शहरात दर फेब्रुवारीच्या सुमारास फॉसडेम नावाचा मेळावा भरतो. हजारो लोक येतात आणि प्रवेशाला पैसे पडत नाहीत. डेबियन नावाच्या मोठ्या प्रकल्पाचा जागतिक मेळावा सप्टेंबर २०२३ मध्ये आपल्या देशात, केरळच्या कोचीत झाला. आपल्या महाराष्ट्रात पुण्याच्या सिम्बायोसिसच्या कॉम्प्युटर संस्थेत विद्यार्थ्यांनी जीएनयूनिफाय नावाचा मेळावा अनेक वर्षं चालवला. बंगळुरूला २००१ पासून लिनक्सचा मोठा मेळावा भरत असे, तो पुढे फॉस डॉट इन या नावानं चालला. आणि आता काही वर्षांपासून तिथे इंडियाफॉस भरतो. फॉस युनायटेड नावाची ना-नफा संस्था तो भरवते. आम्ही गेलो तो हाच, निमहान्सच्या कन्व्हेन्शन सेंटरमध्ये, दोन दिवसांचा.

आम्हाला तिथे ओढून नेलं ते हिशेबाच्या प्रोग्रॅमांनी. मुलीनं आम्हाला शोधून दाखवलं की हिशेबाची खुली सॉफ्टवेअर आपल्या मुंबईतच तयार झालेली आहेत. एक आहे ईआरपीनेक्स्ट. रुषभ मेहता यांच्या मुंबईतल्या कंपनीनं ते केलं. ते उद्योगधंद्यांच्या कामाचं आहे. दुसरं ग्नूखाता. ते लहान दुकानं, संस्था यांना डोळ्यांसमोर ठेवून कृष्णकांत माने यांच्या पुढाकारानं झालं. माने यांना डोळ्यांनी दिसत नाही. पडद्यावरचं वाचून दाखवणाऱ्या प्रोग्रॅमच्या आधारानं ते काम करतात. हे आम्ही बैठकीत सांगितलं तेव्हा मागची मावशी म्हणाली, "दिसत नाही तो माणूस हिशेबाचं यंत्र करते, अन् आम्ही डोळे असून पाटी पाहून बसलो!"

पण यातलं एकही जसंच्या तसं बचत गटाला पुरत नव्हतं. दुकानाचा हिशेब वेगळा, गटाचा वेगळा. आपल्याला हजेरी लागते, आठवड्याची बचत लागते, गटातल्या गटात दिलेलं कर्ज लागतं, उशिराचा दंड लागतो, सोडून जाणाऱ्या बाईचा हिस्सा लागतो. हे कोण करून देईल, एवढाच प्रश्न घेऊन आम्ही निघालो.

निघणं सोपं नव्हतं. एक मी समन्वयक, दुसरी गटाचं लिहिणारी ताई, तिसरी ती मुलगी. खर्चाचा ठराव दोन बैठका अडला. काही बाया म्हणाल्या, मोहाच्या पैशातून फिरायला जाता काय? त्यांचं चुकत नव्हतं. शेवटी असं ठरलं की प्रवासाचा अर्धा खर्च ग्रामसंघानं करायचा, अर्धा आम्ही, आणि परत आल्यावर बाराही गटांत जाऊन सांगायचं. मेळाव्याचं तिकीट आधी काढलं. बल्लारशाहहून बंगळुरूची गाडी मिळते. जवळजवळ एक रात्र आणि एक दिवस लागतो. लिहिणाऱ्या ताईनं शिदोरीसोबत आपली जुनी नोंदवही घेतली होती. आम्ही हसलो, पण तीच वही पुढे सगळ्यांत जास्त कामाला आली.

तिथे काय असतं ते आता क्रमानं सांगतो, म्हणजे तुमच्यापैकी कोणी गेली तर गांगरणार नाही.

आधी दारात नाव सांगायचं, फोनवर आलेलं तिकीट दाखवायचं, मग गळ्यात घालायची चिठ्ठी मिळते. आत शेकडो माणसं, बहुतेक तरुण, पाठीवर पिशव्या. बायका आहेत, पण कमी. लुगडं नेसलेल्या आम्ही दोघीच असू. पहिला अर्धा तास भिंतीला टेकून उभ्या राहिलो. मग कळलं की कोणी आपल्याकडे टकमक पाहत नाही, जो तो आपल्या बोलण्यात आहे.

एकाच वेळी अनेक दालनांत भाषणं चालतात. सगळी ऐकायची म्हटलं तर एकही धड होत नाही. पहिल्या दिवशी आम्ही तसंच केलं, इकडून तिकडे पळत राहिलो. वेळापत्रक आधी मिळतं. रात्रीच बसून तीन-चार भाषणं निवडावी. बोलणं बहुतेक इंग्रजीत असतं. आमच्यासोबतची मुलगी कानात सांगत होती, तरी निम्मं डोक्यावरून गेलं. त्याचं वाईट वाटून घेऊ नका. पुष्कळ मेळाव्यांत भाषणांचे व्हिडिओ नंतर इंटरनेटवर ठेवतात, ते थांबवून थांबवून पाहता येतात.

जे व्हिडिओत मिळत नाही, ते दालनाबाहेर असतं. बाहेर टेबलं मांडलेली असतात. एकेका प्रकल्पाची माणसं आपलं काम दाखवत बसतात. तिथे कोणालाही जाऊन विचारता येतं. काही ठिकाणी एका विषयातली माणसं गोल करून बसतात. भाषण नाही, नुसती चर्चा, अगदी आपल्या बैठकीसारखी. पाच-पाच मिनिटांची छोटी भाषणंही असतात. आणि चहाच्या रांगेत जेवढं बोलणं होतं तेवढं कुठेच होत नाही. आमचं खरं काम चहाच्या रांगेतच झालं.

रांगेत एका मुलानं विचारलं, तुम्ही कोणत्या कंपनीकडून? आम्ही म्हटलं, बचत गटाकडून. त्याला वाटलं आम्ही काही विकायला आलो. मग आम्ही त्याला आमच्या अडकलेल्या हिशेबाची गोष्ट सांगितली. तो एका टेबलाशी घेऊन गेला. तिथे हिशेबाच्या एका छोट्या प्रकल्पावर काम करणारी एक बाई होती. आम्ही आमचं ठरलेलं वाक्य म्हटलं, "आम्हाला बचत गटासाठी असं करून द्या."

ती हसली नाही, रागावलीही नाही. तिनं विचारलं, "एखादीनं अर्धाच हप्ता भरला तर तुम्ही काय लिहिता? व्याज आधी कापता की मुद्दल? बाई माहेरी गेली आणि तीन बैठका आली नाही तर दंड लागतो का?" आम्ही एकमेकींकडे पाहिलं. लिहिणाऱ्या ताईनं पिशवीतून वही काढली आणि टेबलावर उघडली. पुढचा एक तास कसा गेला कळलं नाही. ती बाई हिंदीत विचारत होती, ताई वहीवर बोट ठेवून सांगत होती, मुलगी लिहून घेत होती. चार-पाच पोरं भोवती उभी राहिली. आम्हाला कोडचं एक अक्षर येत नव्हतं, पण गटाचा हिशेब कसा चालतो हे त्या टेबलावर आमच्याएवढं कोणालाच माहीत नव्हतं.

शेवटी ती म्हणाली, "मी हे काम नोकरीवरून घरी गेल्यावर, मुलं झोपल्यावर करते. याचा मला पगार नाही. तुमचं सगळं मी एकटी करू शकणार नाही. पण तुम्ही गरज नीट लिहून दिली, शब्द दिले, आणि केलेलं वापरून चुका सांगितल्या, तर थोडं थोडं होईल."

मगाशी म्हटला तो फरक इथे कळला. जंगलातला बांबू तोडला की कमी होतो, म्हणून राखण बांबूची करावी लागते. प्रोग्रॅमच्या हजार प्रती केल्या तरी तो कमी होत नाही. कमी होतो तो सांभाळणाऱ्याचा वेळ. त्या माणसांना तिथे मेंटेनर म्हणतात. जग त्यांचं काम वापरतं आणि बिघडलं की तक्रार करतं, पण हात लावायला थोडेच येतात. म्हणून काही चांगले प्रकल्प हळूहळू थांबतात. हे ऐकून लिहिणारी ताई गाडीत बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "गटात माह्यं बी असंच हाय." खरंच होतं. बारा वर्षं ती सगळ्यांचा हिशेब लिहिते, चुकलं की बोलणी खाते, आणि आम्ही कधी विचारलं नाही की तुला कोणी मदतीला देऊ का.

आता तुम्ही म्हणाल, कोड येत नाही तर आपण मदत तरी काय करणार? ऐका.

पहिलं काम गरज लिहून देण्याचं. प्रत्येक प्रकल्पाची एक उघडी वही असते. त्यात काय चुकतं आणि काय हवं ते लिहायचं, त्याला इश्यू म्हणतात. साहेबाला दिलेला अर्ज नव्हे, बैठकीत मांडलेला मुद्दा समजा. "चालत नाही" एवढं लिहून उपयोग नसतो. मी काय केलं, काय व्हायला हवं होतं, काय झालं, या तीन गोष्टी लिहायच्या.

दुसरं काम भाषेचं. पडद्यावरचे शब्द मराठीत कोणीतरी आणावे लागतात. एका प्रोग्रॅमवर आम्ही मराठी पाहिली तर इतकी जड की आमच्या बायांना इंग्रजी बरी वाटली. आम्ही आमचे शब्द दिले: जमा, नावे, हप्ता, थकीत, दंड, मुद्दल, हिस्सा, गैरहजर. हे शब्द कोणत्याही शहरात बसून सुचत नाहीत, ते आपल्या वहीत आहेत. आपल्याकडे गोंडी आणि माडिया बोलणाऱ्या सदस्य आहेत. गोंडीच्या दोन लिपींना कॉम्प्युटरच्या जागतिक अक्षरयादीत, म्हणजे युनिकोडमध्ये, जागा मिळाली आहे. मसराम गोंडीला २०१७ मध्ये, गुंजाला गोंडीला २०१८ मध्ये. पण अक्षराला जागा मिळाली म्हणजे पडद्यावर गोंडी आली असं नाही. कंपनी नफा पाहून भाषा घेते. खुल्या सॉफ्टवेअरमध्ये चार बोलणाऱ्यांनी ठरवलं तर परवानगीसाठी थांबावं लागत नाही.

तिसरं काम वापरून पाहण्याचं. चौथं, जे समजलं ते सोप्या भाषेत लिहून किंवा बोलून ठेवण्याचं. मुंबईच्या आयआयटीचा स्पोकन ट्युटोरियल नावाचा प्रकल्प आहे. त्यात लिबरऑफिससारख्या प्रोग्रॅमचे छोटे धडे मराठी आवाजातही आहेत आणि ते फुकट पाहता येतात. आमच्या दोन मुली त्यावरूनच तक्ता करायला शिकल्या.

कोणाला अशा मेळाव्याला जायचं असेल तर आमच्या अनुभवातून चार गोष्टी. एकटी जाऊ नका, निदान दोघी जा. त्यातली एक कॉम्प्युटर जाणणारी आणि एक कामातली पक्की असावी. एकच नेमका प्रश्न घेऊन जा, आणि आपली वही, आपला नमुना सोबत न्या. बऱ्याच मेळाव्यांत प्रवासासाठी मदत मिळण्याची सोय असते. डेबियनच्या मेळाव्यात असते, पायकॉन इंडिया नावाच्या मेळाव्यातही असते. पण तिचा अर्ज काही महिने आधी करावा लागतो. आम्हाला हे उशिरा कळलं, तुम्ही आधी विचारा. लेकरू लहान असेल तर त्याची काही सोय आहे का, तेही आयोजकांना निःसंकोच विचारा. प्रत्येक चांगल्या मेळाव्याचे वागणुकीचे नियम असतात. कोणी त्रास दिला तर कोणाला सांगायचं ते त्यात लिहिलेलं असतं, पहिल्याच दिवशी वाचून घ्या.

आणि बंगळुरूलाच गेलं पाहिजे असंही नाही. मुंबई-पुण्यात छोट्या बैठका होतात. सप्टेंबरच्या तिसऱ्या शनिवारी जगभर सॉफ्टवेअर स्वातंत्र्य दिवस पाळतात. आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीच्या कॉलेजात एक खोली, चार कॉम्प्युटर आणि शिकणारी पोरं मिळाली तर एक दिवसाचा मेळावा इथेही भरू शकतो. ती पोरं आपली गाठोडी उघडतील, आपण त्यांना खरा हिशेब दाखवू.

परत आल्यावर आम्ही बाराही गटांत गेलो. ज्यांनी खर्चाला विरोध केला होता त्या मावशीनं पहिलाच प्रश्न केला, "मग, आणला का प्रोग्रॅम?" आम्ही खरं सांगितलं, नाही आणला. आज आमचा हिशेब दोन ठिकाणी आहे. एक वहीत, ती आता कधीही सोडायची नाही. दुसरा लिबरऑफिसच्या तक्त्यात, त्याची प्रत दर महिन्याला पेन ड्राइव्हवर काढून अध्यक्षताईंच्या पेटीत ठेवतो. शासनाच्या अ‍ॅपमध्ये जे भरायचं ते वेगळं भरतोच. गटाच्या प्रोग्रॅमचं काम सुरू आहे. हप्ता आणि दंडाचा भाग झाला, आम्ही वापरून सात चुका कळवल्या, पाच दुरुस्त झाल्या. सोडून जाणाऱ्या बाईचा हिस्सा अजून चुकीचा निघतो. आणि लिहिणाऱ्या ताईच्या मदतीला दोन मुली बसतात, त्यांना ग्रामसंघ मानधन देतो. तो ठराव एकमतानं झाला.

शेवटी एकच काम देतो. तुमच्या गटात कोणी कसलाही प्रोग्रॅम किंवा अ‍ॅप घेऊन आलं, फुकट असो की पैशाचं, तर पुढच्या बैठकीत त्याला तीन प्रश्न विचारा. आमचा हिशेब आम्हाला पाहिजे तेव्हा बाहेर काढता येईल का, आणि तो दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडेल का? तुम्ही उद्या नसलात तर हा दुरुस्त कोण करेल? आणि हे आमच्या भाषेत आहे का, नसेल तर आम्हाला करता येईल का? उत्तरं तोंडी घेऊ नका. ठराव वहीत लिहून घ्या, खाली त्याची सही घ्या, आणि ते पान बैठकीत सगळ्यांना वाचून दाखवा.

येतो आम्ही. जोहार.